एक अक्षर आणि सात मजले

बेडूक कापावा लागू नये म्हणून इंजिनीअरिंगला आलेली जी जनता आहे, त्यातलाच मी एक. अकरावीला बायोलॉजी सोडून इलेक्ट्रॉनिक्स घेतलं तेव्हा घरी पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. ‘पेशी, ऊती, इंद्रिय, इंद्रियसंस्था, सजीव’ ही शाळेतली साखळी तेवढी पाठ होती, कारण तिच्यावर हमखास प्रश्न यायचा. तिचा अर्थ मात्र कळायला सुरुवात झाली ती तिसऱ्या वर्षाच्या डिसेंबरात, रात्री दोन वाजता, हॉस्टेलच्या खोलीत.

माझा रूम पार्टनर गडचिरोली जिल्ह्यातला. अभ्यासात माझ्यापेक्षा कितीतरी पुढे. पण त्याच्या काही सवयी आम्हाला भारी गमतीच्या वाटायच्या. दोन लिटरची बाटली सतत हातात. रात्रीतून तीन-चारदा उठून बाथरूमला जाणार. त्यामुळे आम्ही त्याचं नाव ‘टँकर’ ठेवलं होतं. डोळे जरा पिवळट, म्हणून कोणी ‘पिलिया’ही म्हणायचं. क्रिकेटला बोलावलं तर अंपायर होणार. थंडी पडली की स्वेटरवर स्वेटर. आणि महिन्या-दोन महिन्यांतून एकदा पाय दुखतात म्हणून दोन दिवस पडून राहणार. एकदा सबमिशनच्या आदल्या दिवशी तो असाच पडला होता, तेव्हा मी म्हटलं, “का बे, फाईल पूर्ण करायची वेळ आली की बरोबर तुझे पाय कसे दुखतात?” तो काही बोलला नाही. भिंतीकडे तोंड करून झोपला.

त्या डिसेंबरात नागपूरचा पारा ८ अंशांवर आला होता. रात्री कसला तरी आवाज आला म्हणून लाईट लावला, तर हा उशी दातात धरून थरथरत होता. दोघातिघांनी उचलून ऑटोत घातलं आणि दवाखाना गाठला. ड्यूटीवरच्या मॅडमनी त्याचे डोळे पाहिले, गाव विचारलं आणि पुढचा प्रश्न केला, “सिकल आहे का?” तो म्हणाला, “हो मॅडम. एसएस.”

दीड वर्ष एका खोलीत राहून मला हे माहीत नव्हतं. सलाईन लागलं, दुखणं थोडं उतरलं, तेव्हा मी मॅडमना विचारलं की सिकल म्हणजे नेमकं काय? त्यांनी एका कागदाच्या मागच्या बाजूला खालून वर जाणारी एक शिडी काढली आणि म्हणाल्या, “इंजिनीअर आहेस ना? बिघाड सगळ्यात खाली आहे. दुखतंय सगळ्यात वर. मधले जिने तू शोध.”

ते जिने मी गेले काही महिने शोधतोय. हा लेख म्हणजे त्याचा सबमिशन रिपोर्ट. पार्टनरची परवानगी घेतली आहे. त्याच्या अटी दोनच : नाव टाकायचं नाही आणि रडकं लिहायचं नाही.

तळमजला : अक्षर

आपल्या शरीराचा सगळा आराखडा डीएनएत लिहिलेला असतो हे बायोलॉजी सोडलेल्यांनाही माहीत असतं. त्याची लिपी फक्त चार अक्षरांची : ए, टी, जी, सी. माणसाच्या एका संचात अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं. एका पानावर २,००० अक्षरं आणि एका पुस्तकात ५०० पानं धरली, तर ३,००० जाडजूड पुस्तकं होतील. असे दोन संच आपल्याकडे असतात, एक आईकडून आलेला आणि एक वडिलांकडून.

यातल्या ११ व्या गुणसूत्रावर हिमोग्लोबिनच्या एका साखळीची कृती लिहिली आहे. तीन-तीन अक्षरांचा एक शब्द, आणि एका शब्दाला एक अमिनो आम्ल, असा हिशेब. या कृतीतला सहावा शब्द ‘जीएजी’ असायला हवा. सिकल सेलमध्ये तो ‘जीटीजी’ असतो. मधला ‘ए’ जाऊन ‘टी’ आला. ३,००० पुस्तकांत एक अक्षर चुकलं, बस.

सी प्रोग्रॅममध्ये सेमिकोलन राहिला तर कंपायलर लगेच ओरडतो. इथे कोणी ओरडत नाही. प्रोग्रॅम कंपाईल होतो, रन होतो आणि आउटपुटही देतो. हीच खरी अडचण आहे.

पहिला मजला : रेणू

त्या एका शब्दामुळे ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन बसतं. हिमोग्लोबिनच्या रेणूत चार साखळ्या असतात, दोन अल्फा आणि दोन बीटा. सगळी मिळून ५७४ अमिनो आम्लं. त्यातली फक्त दोन बदलली, दोन बीटा साखळ्यांतली एकेक.

१९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की सिकल सेलच्या रोग्याचं हिमोग्लोबिन विद्युत क्षेत्रात वेगळ्या गतीने सरकतं, म्हणजे त्याच्यावरचा विद्युतभार वेगळा आहे. एखादा आजार थेट एका रेणूपर्यंत नेऊन दाखवण्याची ती पहिली वेळ. पुढे १९५७ मध्ये व्हर्नन इनग्रॅम यांनी नेमकं कोणतं अमिनो आम्ल बदललं ते शोधून काढलं.

आता गंमत बघा. हा बदललेला रेणू ऑक्सिजन नीट उचलतो आणि नीट सोडतो. एकट्या रेणूची परीक्षा घेतली तर तो पास होईल. पण ग्लुटामिक आम्ल पाण्यात रमणारं, आणि व्हॅलिन पाण्यापासून अंग चोरणारं. ऑक्सिजन सोडल्यावर रेणूचा आकार थोडा बदलतो, तेव्हा त्याच्या अंगावरचा हा व्हॅलिनचा चिकट ठिपका शेजारच्या रेणूच्या एका खाचेत जाऊन बसतो. त्या शेजाऱ्याचा ठिपका पुढच्याच्या खाचेत. असं करत करत लांबलचक दोऱ्या तयार होतात, आणि १४ दोऱ्यांचा पीळ बसून एक कडक तंतू बनतो.

म्हणजे दोष एका रेणूत आहे, पण तो दिसतो रेणूंच्या गर्दीत. मजला चढलो की नवीन वागणूक सुरू होते, आणि ती खालच्या मजल्यावर कितीही भिंग लावलं तरी दिसत नाही. शाळेतल्या त्या साखळीचा अर्थ हाच आहे, हे मला इथे पहिल्यांदा समजलं.

दुसरा मजला : पेशी

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात. ही पेशी म्हणजे डिझाइनचा उत्तम नमुना. सात-आठ मायक्रॉन व्यासाची, मधे दबलेली चकती. जागा वाचवण्यासाठी तिने आपलं केंद्रकसुद्धा टाकून दिलेलं असतं. शरीरातल्या सगळ्यात बारीक रक्तवाहिन्या, म्हणजे केशवाहिन्या, काही ठिकाणी तिच्यापेक्षाही अरुंद असतात. तिथून ती अंग दुमडून निघून जाते आणि पुढे गेल्यावर पुन्हा गोल होते.

आत कडक तंतू तयार झाले की हे दुमडणं संपतं. पेशी ताठ होते, लांबट होते, विळ्यासारखी वाकते. १९१० साली शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी वेस्ट इंडीजमधून आलेल्या एका दंतवैद्यक विद्यार्थ्याच्या रक्तात असल्या पेशी पाहिल्या आणि त्यांचं वर्णन छापलं. विळ्याला इंग्रजीत सिकल म्हणतात, त्यावरून आजाराचं नाव पडलं.

फुप्फुसात ऑक्सिजन मिळाला की तंतू विरघळतात आणि पेशी पुन्हा गोल होते. मग पुन्हा ताठ, पुन्हा गोल. मेकॅनिकलवाल्यांना पुढचं सांगायला नको. एका झटक्यात न तुटणारा लोखंडी तुकडा हजारो वेळा उलटसुलट वाकवला की तुटतो, त्याला आपण फटीग म्हणतो. इथेही तसंच. पेशीचं आवरण थकतं आणि काही पेशी कायमच्या विळ्यासारख्या होऊन बसतात. साधी तांबडी पेशी १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांत फुटते. फुटलेल्या पेशींतून पिवळा रंग रक्तात उतरतो. तोच आम्हाला पार्टनरच्या डोळ्यांत दिसायचा, आणि आम्ही त्याला पिलिया म्हणून हसायचो.

आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ऑक्सिजन सोडल्याबरोबर तंतू बनत नाहीत, मधे थोडा वेळ जातो. पेशी त्या वेळात केशवाहिनी ओलांडून गेली तर वाचली. ही एक शर्यतच आहे. आणि तो वेळ ठरतो पेशीतलं हिमोग्लोबिन किती दाट आहे यावर. प्रयोगांत असं दिसलं की दाटपणा वाढला की हा वेळ त्याच्या ३० व्या घाताच्या आसपास कमी होतो. कॅल्क्युलेटर काढा आणि १.०५ चा ३० वा घात करून बघा. ४.३ येतो. म्हणजे पेशीतलं पाणी थोडंसं कमी होऊन दाटपणा ५ टक्के वाढला, की हातातला वेळ चौपटीहून जास्त कमी होतो.

आमच्या टँकरच्या त्या दोन लिटरच्या बाटलीत इतकं गणित होतं. त्याची आई रोज फोनवर एकच वाक्य म्हणते, “पानी पेत जाजो बापू.” तिला ३० वा घात माहीत नाही, पण उत्तर बरोबर आहे.

तिसरा मजला : ऊती

एकट्या विळ्याने काही बिघडत नाही. पण दिवाळीच्या आदल्या संध्याकाळी सीताबर्डीच्या गल्लीत एक हातठेला आडवा झाला तर काय होतं ते आठवा. मागे ऑटो, त्याच्या मागे स्कूटर, आणि मग माणसालाही निघता येत नाही. केशवाहिनीत तेच होतं. त्यातून विकारी पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतातही, त्यामुळे रस्ता आणखी अरुंद होतो.

रस्ता अडला की पुढच्या भागात ऑक्सिजन कमी. ऑक्सिजन कमी झाला की आणखी पेशी ताठ. त्यामुळे आणखी अडथळा. कंट्रोल सिस्टिमच्या पेपरात आपण ज्याला पॉझिटिव्ह फीडबॅक म्हणतो तो हाच. रक्त न मिळालेली ऊती, हाडातली असो की स्नायूतली, ओरडायला लागते. त्या ओरडण्याला डॉक्टर क्रायसिस म्हणतात. पार्टनरला मी विचारलं, कसं दुखतं? तो म्हणाला, “हाडाच्या आत कोणी हातोडा घेऊन बसला आहे, असं समज.” सबमिशनच्या दिवशीचं माझं वाक्य मला तेव्हा आठवलं. त्यालाही आठवलं असणार.

चौथा मजला : इंद्रिय

ऊती मिळून इंद्रिय होतं आणि प्रत्येक इंद्रियाची रचना वेगळी. त्यामुळे एकच बिघाड प्रत्येक ठिकाणी वेगळं रूप घेतो.

प्लीहा, म्हणजे पोटात डाव्या बाजूला वर असणारी रक्ताची गाळणी. तिच्यात रक्त फार हळू आणि बारीक फटींतून जातं. विळ्यासारख्या पेशी तिथेच सगळ्यात आधी अडकतात. वारंवार रक्त अडल्यामुळे पुष्कळ रोग्यांची प्लीहा लहानपणीच आक्रसून निकामी होते. प्लीहा काही जिवाणूंपासून आपला बचाव करते. ती गेली की न्यूमोनियाचे जिवाणू लहान मुलाच्या जिवावर उठू शकतात. म्हणून अशा बाळांना पेनिसिलीन आणि लसी वेळेवर देणं फार गरजेचं असतं.

मूत्रपिंडाची गोष्ट तर पुस्तकात उदाहरण म्हणून द्यावी अशी. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात ऑक्सिजन कमी आणि क्षार जास्त असतात, कारण तिथेच लघवीतलं पाणी शोषून परत घेण्याचं काम चालतं. विळा होण्यासाठी यापेक्षा सोयीची जागा नाही. त्यामुळे तो भाग लवकर खराब होतो आणि पाणी वाचवण्याची ताकद जाते. मग लघवी जास्त होते. लघवी जास्त झाली की शरीरातलं पाणी कमी होतं. पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं आणि पुन्हा तोच ३० वा घात. चौथ्या मजल्यावरचा बिघाड जिने उतरून दुसऱ्या मजल्यावर येतो. रात्री तीन-चारदा उठणं आणि उठल्यावर पुन्हा पाणी पिणं, या आमच्या दोन विनोदांचा खुलासा एवढाच होता.

खुब्याच्या सांध्याचं डोकंही असंच आहे. तिथे रक्त आणणारे रस्ते मोजके आहेत. ते अडले की हाड मरायला लागतं. अंपायर होणारा मुलगा आळशी नसतो, हे मला फार उशिरा कळलं.

पाचवा मजला : शरीर

आतापर्यंत सगळी वाईट बातमी दिली. या मजल्यावर थोडी चांगलीही आहे. सगळी इंद्रियं मिळून शरीर होतं तेव्हा ते नुसतं बेरजेचं उत्तर नसतं, ते सांभाळूनही घेतं. निरोगी माणसाची अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या पेशी बनवते. सिकलच्या रोग्याची अस्थिमज्जा याच्या कितीतरी पट काम करते. हृदय दर मिनिटाला जास्त रक्त ढकलतं. रक्तात हिमोग्लोबिन आठाच्या आसपास असतानाही माझा पार्टनर थर्मोडायनॅमिक्समध्ये क्लासमध्ये पहिला आला होता.

पण शरीराचा एखादा नियम अंगावरही येतो. थंडी पडली की उष्णता वाचवण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. सगळ्यांच्याच. शरीराच्या दृष्टीने हे अगदी बरोबर आहे, पण आधीच शर्यत लावलेल्या पेशीला रस्ता आणखी लांब आणि अरुंद होतो. नागपूरचा डिसेंबर थंडीने गाठतो आणि मे महिना घामाने. दोन्ही सीझनला आपल्या परीक्षा असतात, हा वेगळा योगायोग.

सहावा मजला : कुटुंब

इथपर्यंत एका माणसाच्या आत होतो, आता बाहेर पडू. आईवडिलांकडून एकेक संच येतो हे वर सांगितलं. दोन्हीत चूक असेल तर एसएस, म्हणजे रोगी. एकात असेल आणि दुसरा चांगला असेल तर एएस, म्हणजे वाहक.

वाहक आजारी नसतो, हे ठळक अक्षरांत लिहायला हवं. त्याच्या पेशीत निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन चांगलं असतं, त्यामुळे तंतू जमायला लागणारा वेळ खूप लांबतो आणि पेशी शर्यत जिंकते. तो खेळतो, पोहतो, सामान्य आयुष्य जगतो. तळमजल्यावर तेच चुकीचं अक्षर असूनही वरच्या मजल्यावर फारसं काही घडत नाही.

दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक अपत्याच्या वेळी २५ टक्के शक्यता रोगी असण्याची, ५० टक्के वाहक असण्याची आणि २५ टक्के दोन्हीतून सुटण्याची. प्रत्येक वेळी, हे लक्षात ठेवा. ‘पहिलं मूल रोगी झालं, आता पुढची तीन सुरक्षित’ असं पुष्कळांना वाटतं. नाण्याला आठवण नसते, आणि जनुकांनाही.

बाळाचं आणखी एक वैशिष्ट्य. गर्भात असताना वेगळं हिमोग्लोबिन असतं, त्यात बीटा साखळीच नसते. ते जन्मानंतरही काही महिने टिकतं, म्हणून एसएस बाळ सुरुवातीला ठणठणीत दिसतं. नंतर ते हळूहळू कमी होतं आणि त्रास सुरू होतो. हे गर्भातलं हिमोग्लोबिन लक्षात ठेवा, पुढे कामी येणार आहे.

सातवा मजला : समाज

भारतात सिकल सेलची नोंद पहिल्यांदा १९५२ साली झाली, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. आपल्या भागाबद्दल आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोळंकी यांचा लेख १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. त्यानंतरच्या पाहण्यांत विदर्भातल्या काही समाजांत, आदिवासी, अनुसूचित जाती आणि काही इतर मागासवर्गीयांतही, वाहकांचं प्रमाण १० टक्क्यांच्या वर सापडलं.

इतकं त्रासदायक अक्षर पिढ्यानपिढ्या पुसलं का गेलं नाही? याचं उत्तर १९५४ साली अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतल्या अभ्यासातून दिलं. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. जिथे शेकडो वर्षं मलेरियाने मुलं दगावली, तिथे एएस मुलं जास्त वाचली आणि ते अक्षर टिकलं. आफ्रिका, अरबस्तान, भूमध्य समुद्राचा काठ, आणि आपले मध्य भारतातले जंगलपट्टे. म्हणजे रेणूवरचा चिकट ठिपका एका मजल्यावर शाप आणि दुसऱ्या मजल्यावर ढाल. मात्र ही ढाल वाहकाची. एसएस असलेल्याला मलेरिया झाला तर उलट फार धोका असतो.

गणिताची आवड असणाऱ्यांसाठी : समजा एखाद्या समाजात दर १० जनुकांत एक चुकीचं आहे. मग वाहक २ × ०.९ × ०.१ म्हणजे १८ टक्के, आणि रोगी ०.१ × ०.१ म्हणजे १ टक्का. प्रत्येक रोग्यामागे १८ वाहक, ज्यांना बहुधा पत्ताच नसतो.

यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. हा कोणत्या जातीचा आजार नाही, तो डासांच्या भूगोलाचा आजार आहे. तरीही गावोगाव ‘त्या घरात सिकल आहे’ असं कुजबुजतात आणि मुलींची लग्नं मोडतात. पार्टनरने दीड वर्ष मला सांगितलं नाही, त्याचं कारण या सातव्या मजल्यावर आहे.

दुरुस्ती कुठे करायची?

मला वाटायचं, बिघाड तळमजल्यावर आहे तर दुरुस्तीही तिथेच हवी. आता ते शक्यही झालं आहे. २०२३ च्या शेवटी ब्रिटन आणि अमेरिकेत क्रिस्पर तंत्रावर आधारलेल्या जनुक उपचाराला परवानगी मिळाली. गंमत म्हणजे तोही चुकीच्या अक्षराला हात लावत नाही. गर्भातलं हिमोग्लोबिन बंद करणारं एक बटण असतं, ते तो निकामी करतो. मग जुनं हिमोग्लोबिन पुन्हा तयार व्हायला लागतं आणि तंतू जमत नाहीत. अमेरिकेत त्याची किंमत २२ लाख डॉलर ठेवली गेली, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने १८ कोटी रुपयांच्या वर.

पण बाकीचे मजले विसरू नका. हायड्रॉक्सीयुरिया नावाची साधी गोळी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली तर, गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते. ती पहिल्या मजल्यावरची दुरुस्ती. पाणी, दुसऱ्या मजल्यावरची. लस आणि पेनिसिलीन, चौथ्यावरची. स्वेटर, पाचव्यावरची. लग्नाआधीची रक्ततपासणी, सहाव्यावरची. आणि सातव्यावर कायदा. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत सिकल सेल आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला राष्ट्रीय सिकल सेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असं त्याचं उद्दिष्ट आहे.

सातव्या मजल्यावर आपलं हॉस्टेलही येतं. तळमजल्याची खोली, हिवाळ्यात गरम पाणी, क्रायसिसचे दिवस अटेंडन्समधून वगळणं आणि परीक्षा हॉलमध्ये पाण्याची बाटली. यातलं काहीच २२ लाख डॉलरचं नाही. आम्ही या चार मागण्यांचा अर्ज दिला. खोली बदलून मिळाली. बाकीचं बघू.

शेवटची गोष्ट. पार्टनर म्हणाला, एवढं वाचून राहिला तर स्वतःची टेस्ट का नाही करत? सरकारी दवाखान्यात गेलो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. मग इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे १९४९ मध्ये पॉलिंगनी केला तोच प्रकार. रिपोर्ट आला : एएस. एकवीस वर्षं काहीही झालं नाही, पुढेही बहुतेक होणार नाही. दोन संचांपैकी माझ्या एकात ते अक्षर आहे, त्याच्या दोन्हींत. एवढाच काय तो फरक.

घरी सांगितलं. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “ठीक आहे, पण कोणाला सांगू नको.” मी मॅगझीनमध्येच छापून टाकलं. कारण मी सांगितलं नाही तर माझ्यानंतरच्या दीड वर्षांत आणखी कोणीतरी कोणाला तरी ‘टँकर’ म्हणेल.

तेव्हा राजेहो, एक करा. टेस्ट करून घ्या, आणि लग्नाची बोलणी सुरू व्हायच्या आधी करा, नंतर नाही. आणि सबमिशनच्या दिवशी कोणाचे पाय दुखत असतील तर आधी पाणी द्या, मग प्रश्न विचारा.

हा लेख पार्टनरला वाचायला दिला होता. त्याने दोन स्पेलिंगा दुरुस्त केल्या, थर्मोच्या मार्कांचा उल्लेख राहू दे म्हणाला आणि बाटली भरायला गेला.